लाटांच्या स्पर्धा आणि पाण्याची ओळख

(मावळ तालुक्यातील नवलाख उंबरे येथील व्याख्यानाचा मजकूर)



आंदर मावळातील नवलाख उंबरे या गावापासून अरबी समुद्राचा किनारा सरळ रेषेत मोजला तर शंभर किलोमीटरांच्या आत आहे. परंतु मध्ये सह्याद्रीची भिंत उभी असल्यामुळे येथील माणसाला समुद्र नेहमीच दूरचा वाटत आला. भाताची खाचरे, डोंगरउतारावरचे ओढे आणि घाटमाथ्यावरून येणारा पाऊस हेच त्याचे पाणी. पुढे या गावाच्या शिवारात औद्योगिक वसाहतीचे कारखाने आले, रुंद रस्ते आले आणि त्यांच्या मागोमाग आठवड्याच्या सुट्टीची सहलही आली. मोटारसायकलवर स्वार झालेला मावळचा तरुण आज काही तासांत काशीद, मुरूड किंवा हरिहरेश्वर गाठू शकतो. समुद्र जवळ आला. समुद्राची ओळख मात्र त्याच वेगाने जवळ आली नाही.

लाटांवरच्या स्पर्धा हा आजचा विषय. डोंगराच्या गावात तो कशासाठी, असा प्रश्न कोणाच्या मनात आल्यास तो गैर म्हणता येणार नाही. या स्पर्धा दिसतात धाडसाच्या, पण त्या असतात पाणी ओळखण्याच्या. ही ओळख किनाऱ्यावरच्या कोळ्याला जितकी आवश्यक, तितकीच ती मावळातल्या ओढ्याकाठच्या माणसालाही आवश्यक आहे.

खेळ जुना, स्पर्धा नव्या

फळीवर उभे राहून फुटत्या लाटेच्या उतारावरून किनाऱ्याच्या दिशेने घसरत येणे हा सर्फिंग या खेळाचा गाभा होय. प्रशांत महासागरातील हवाई आणि पॉलिनेशियाच्या इतर बेटांवर तो शतकानुशतके खेळला जात होता. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पोहण्याचे सुवर्णपदक मिळविणारे हवाईचे ड्यूक कहानामोकू यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी हा खेळ देशोदेशी नेला. त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी, २०२१ साली पार पडलेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये, सर्फिंगला प्रथमच स्थान मिळाले. २०२६ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या कार्यक्रमातही या खेळाचा प्रथमच समावेश करण्यात आला.

स्पर्धेची रीत मोठी बोधप्रद आहे. एका वेळी दोन ते चार खेळाडू पाण्यात उतरतात. त्यांना साधारणपणे वीस ते पस्तीस मिनिटांचा अवधी दिलेला असतो. त्या अवधीत खेळाडूने घेतलेल्या प्रत्येक लाटेला पंच दहापैकी गुण देतात. पाच पंच असल्यास सर्वांत जास्त व सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांची सरासरी काढली जाते. अखेरीस खेळाडूच्या केवळ उत्तम दोन लाटांचे गुण एकत्र करून वीसपैकी निकाल ठरतो. म्हणजे दिसेल त्या लाटेवर झेप घेणाऱ्याला येथे यश नाही. अनेक लाटा सोडून देऊन योग्य ती लाट निवडणारा खेळाडू जिंकतो. कोणती लाट आपली नव्हे, हे समजणे हा या खेळातील पहिला धडा आहे.

दुसरा धडा प्रतीक्षेचा. कुस्तीचे मैदान ठरल्या दिवशी भरते, खो-खोचा सामना घड्याळाच्या ठोक्याला सुरू होतो. लाटांची स्पर्धा मात्र तारखेला बांधून घेता येत नाही. मोठ्या स्पर्धांसाठी अनेक दिवसांचा कालावधी राखून ठेवतात आणि त्यातील ज्या दिवशी वारा व लाटा अनुकूल असतील त्याच दिवशी सामने खेळवितात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमधील सर्फिंगचे सामने पॅरिसपासून पंधरा हजार किलोमीटरांहून अधिक दूर असलेल्या ताहिती बेटावर, तेआहुपो येथे झाले. जगभरातील खेळाडू, पंच आणि वार्ताहर तेथे जमले होते. तरीही हवामान अनुकूल नसल्याने सामने पुढे ढकलावे लागले. समुद्र कोणाच्या सोयीसाठी थांबत नाही. थांबावे लागते ते माणसाला.

लाट कशी घडते

लाट पाहताना पाणीच पुढे धावत आहे, असा भास होतो. वस्तुस्थिती वेगळी आहे. भाताच्या शेतावरून वारा वाहतो तेव्हा लोंब्या जागच्या जागी डुलतात, लहर मात्र एका बांधापासून दुसऱ्या बांधापर्यंत धावत जाते. खोल समुद्रातही तसेच घडते. पाणी जवळजवळ तेथेच वरखाली फिरत राहते आणि वाऱ्याने दिलेली शक्ती तेवढी पुढे सरकते. वारा किती जोराचा, तो किती वेळ वाहिला आणि किती लांबवर अखंड वाहिला, या तीन गोष्टींवर लाटेची उंची अवलंबून असते. उंची दुप्पट झाली की लाटेतील शक्ती चौपट होते. एक मीटरची लाट सोसणाऱ्याने दोन मीटरच्या लाटेविषयी अंदाज बांधताना हे गणित लक्षात ठेवावे.

लाटांचे दोन प्रकार किनाऱ्यावर ओळखता येतात. जवळच्या वाऱ्याने उठविलेल्या लाटा आखूड व विस्कळीत असून त्या पाच-सात सेकंदांच्या अंतराने येतात. दूरच्या वादळांत जन्मलेल्या लाटा लांब, एकसारख्या आणि संथ असतात. दोन लाटांमध्ये बारा ते अठरा सेकंदांचे अंतर असू शकते. भारताच्या किनाऱ्यावर येणाऱ्या अशा काही लाटांचा उगम थेट दक्षिण महासागरात, हजारो किलोमीटर दूर असतो. इकडे आकाश निरभ्र आणि वारा मंद असतानाही त्या अकस्मात किनाऱ्यावर चढतात. केरळातील मच्छीमारांनी या प्रकाराला ‘कळ्ळक्कडल’, म्हणजे चोरासारखा येणारा समुद्र, असे नाव दिले आहे. हैदराबाद येथे १९९९ मध्ये स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र अशा लाटांचे पूर्वानुमान व इशारे प्रसिद्ध करते.

लाट उथळ पाण्यात आली की तिचा तळ जमिनीला अडतो, वेग मंदावतो, उंची वाढते आणि माथा पुढे कोसळतो. एक मीटर उंचीची लाट साधारणपणे सव्वा मीटर खोल पाण्यात फुटते. तेआहुपोला प्रवाळाचा खडक खोल पाण्यातून एकदम वर येत असल्याने लाट नळीसारखी गोल होऊन कोसळते. जेथे वाळूचा तळ हळूहळू चढत जातो, तेथे लाट दूरवरच फुटू लागते आणि फेसाळत, शक्ती गमावत किनाऱ्याला लागते. आपल्या कोकणातील अनेक पुळणींची रचना या दुसऱ्या प्रकारची आहे. शिवाय मुंबईसमोरचा समुद्र फार लांबवर उथळ असल्याने दूरच्या लाटांची बरीच शक्ती तळाशी घासून वाटेतच खर्च होते.

एकच वारा, दोन किनारे

पाठ्यपुस्तकांतून ७२० किलोमीटर म्हणून परिचित असलेला महाराष्ट्राचा किनारा निसर्गसौंदर्यात कोठेही उणा नाही. नारळी-पोफळीच्या बागा, खाड्यांची मुखे, जलदुर्ग आणि चंद्रकोरीसारख्या पुळणी त्याला लाभल्या आहेत. मग लाटांच्या मोठ्या स्पर्धा येथे न होता मंगळूरजवळ किंवा तमिळनाडूत का होतात? याचे उत्तर वाऱ्यात आहे.

जून ते सप्टेंबर या काळात नैऋत्य मोसमी वारा समुद्रावरून थेट कोकणाच्या अंगावर येतो. तीन-चार मीटर उंचीच्या लाटा या दिवसांत बाहेरच्या समुद्रात नित्याच्या असतात. लाटा मोठ्या असल्या तरी पाठीमागून येणारा वारा त्यांना वेळेआधी मोडून टाकतो. समुद्र उकळत्या कढईसारखा होतो आणि फळीवर उभे राहण्याजोगा उतार शिल्लक राहत नाही. याच कारणाने पावसाळ्यात नौका किनाऱ्यावर ओढून ठेवल्या जातात आणि नारळी पौर्णिमेला सागराची पूजा करून कोळी बांधव नव्या हंगामाचे स्वागत करतात. पावसाळा सरल्यावर समुद्र शांत होतो आणि किनाऱ्याजवळच्या लाटा बहुधा मीटरभर किंवा त्याहूनही कमी उरतात. मालवणच्या चिवला किनाऱ्यावरील सागरी जलतरण स्पर्धा डिसेंबर महिन्यात भरतात, त्या यामुळेच. पोहणाऱ्याला हवा असतो शांत समुद्र, फळीवाल्याला हवी असते सुघटित लाट.

हाच मोसमी वारा सह्याद्री ओलांडून तमिळनाडूच्या किनाऱ्यावर पोहोचतो तेव्हा त्याची दिशा जमिनीकडून समुद्राकडे झालेली असते. दक्षिणेकडून वळून येणाऱ्या लाटेला तो समोरून टेका देतो आणि तिचा उतार अधिक काळ उभा राहतो. चेन्नईच्या दक्षिणेस असलेल्या कोवलम व महाबलीपुरम येथे ऐन पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, स्पर्धा भरू शकतात त्या यामुळे. पश्चिम किनाऱ्यावर हे साधण्यासाठी पावसाच्या तोंडची वेळ पकडावी लागते. २०१६ साली मंगळूरजवळील ससिहित्लु येथे झालेली भारतीय खुली सर्फिंग स्पर्धा मे महिन्याच्या अखेरीस भरविण्यात आली. लाटा वाढू लागल्या आहेत, पण मोसमी वाऱ्याचा पूर्ण जोर अद्याप आलेला नाही, असा तो थोडका काळ असतो.

वर्षाच्या इतर महिन्यांत दिवसाची वेळही महत्त्वाची ठरते. शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे यांचा धडा असतो. पहाटे जमिनीवरून येणारा मतलई वारा लाटेला उभी धरतो, दुपारी समुद्रावरून येणारा खारा वारा तिला विस्कटतो. म्हणून जाणते खेळाडू सूर्योदयालाच पाण्यात असतात. परीक्षेपुरता पाठ केलेला धडा असा प्रत्यक्षात उतरतो.

या खेळाने किनाऱ्यावरच्या तरुणांना काय दिले, हेही पाहण्यासारखे आहे. कर्नाटकातील मुल्की आणि तमिळनाडूतील कोवलम येथे सर्फिंगची केंद्रे उभी राहिली. कोवलमच्या मच्छीमार वस्तीतील मुले प्रथम खेळाडू, नंतर प्रशिक्षक आणि जीवरक्षक झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये महाबलीपुरम येथे झालेल्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत रमेश बुडिहाळ यांनी पुरुष गटात कांस्यपदक मिळविले. समुद्राशी वंशपरंपरेने नाते असलेल्या महाराष्ट्रातील कोळी, गाबीत आणि भंडारी समाजांच्या तरुणांनाही जलक्रीडा, मार्गदर्शन आणि जीवरक्षण यांत मोठा वाव आहे. त्यांच्याजवळ असलेले पाण्याचे ज्ञान हे स्वतःच एक भांडवल आहे.

बुडविणारी ओढ, नेणारी ओढ

लाटांबरोबर किनाऱ्यावर चढलेल्या पाण्याला परत समुद्रात जावेच लागते. वाळूच्या बुडालेल्या बांधात जेथे खिंड सापडेल, तेथून ते एकवटून वेगाने बाहेर पडते. यालाच परतीचा प्रवाह किंवा रिप करंट म्हणतात. शेताच्या बांधाला एके ठिकाणी भगदाड पडले म्हणजे खाचराचे सारे पाणी तिकडेच धाव घेते, तसाच हा प्रकार. या प्रवाहाचा वेग उत्तम पोहणाऱ्याच्या वेगालाही मागे टाकू शकतो.

तो फसवा आहे तो वेगामुळे नव्हे, दिसण्यामुळे. तेथे पाणी खोल असल्याने लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मध्ये गडद, शांत पट्टा असे दृश्य दिसते. नवखा मनुष्य विचार करतो की येथे लाटा नाहीत, येथेच उतरावे. आणि नेमका तेथेच तो आत ओढला जातो. घाबरून किनाऱ्याकडे, म्हणजे प्रवाहाच्या विरुद्ध, हातपाय मारताना त्याची शक्ती संपते.

फळीवर स्वार होणारा खेळाडू हाच गडद पट्टा मुद्दाम शोधतो. लाटांचा मारा चुकवून फार श्रम न करता आत जाण्याची ती त्याची वाट असते. ओढ तीच, पाणी तेच. न ओळखणाऱ्याला ते बुडविते आणि ओळखणाऱ्याला ते घेऊन जाते.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेल्या डझनाहून अधिक महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना जलसमाधी मिळाली. तो महिना पावसाळ्याचा नव्हता, वादळाचाही नव्हता. समुद्र शांत दिसण्याच्या दिवसांतच ही आपत्ती ओढवली. पुणे जिल्ह्यातील घरांमधून सकाळी हसत निघालेली ती मुले होती. शांत दिसणारे पाणी सुरक्षित असते, हा समज किती महाग पडतो, याची ही आठवण कोणत्याही सहलीपूर्वी प्रत्येक पालकाने व शिक्षकाने मनात ठेवावी.

मावळचे पाणी

कोकणचा समुद्र खवळविणारा वारा तेथेच थांबत नाही. तो घाट चढून वर येतो आणि लोणावळ्याच्या परिसरात वर्षाला सुमारे चार हजार मिलिमीटर पाऊस ओततो. तळेगावकडे येईपर्यंत हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येते. समुद्रावर लाट उभी करणारी शक्ती आणि मावळात भात पिकविणारी शक्ती एकाच वाऱ्याची आहे.

या पाण्याचा पुढचा प्रवासही नवलाचा आहे. आंद्रेचे पाणी इंद्रायणीला, इंद्रायणीचे भीमेला आणि भीमेचे कृष्णेला मिळून ते बंगालच्या उपसागराला जाते. याच आंद्रेवरील ठोकरवाडी जलाशयात अडविलेले पाणी १९२२ पासून भिवपुरीच्या वीजनिर्मिती केंद्रातून कोकणात उतरते आणि उल्हास नदीच्या वाटेने अरबी समुद्राला मिळते. आंदर मावळात पडलेल्या पावसाचे थेंब असे दोन्ही समुद्रांना जातात. तेव्हा समुद्राशी आपला संबंध काय, असे मावळकराने म्हणू नये.

पाण्याच्या वागण्याचे नियमही दोन्हीकडे सारखेच आहेत. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणानजीक धबधब्याच्या प्रवाहात उभे असलेल्या एकाच कुटुंबातील पाच जण वाढत्या लोंढ्याबरोबर वाहून गेले. प्रवाहात ते उतरले तेव्हाचे पाणी आणि त्यांना घेऊन गेलेले पाणी यांत काही मिनिटांचेच अंतर होते. डोंगरमाथ्यावर पडलेला पाऊस खाली उभ्या असलेल्याला दिसत नाही. तो ओळखायचा असतो पाण्याच्या खुणांवरून. प्रवाह एकाएकी गढूळ होणे, काटक्या व पालापाचोळा वाहत येणे, पाण्याचा आवाज वाढणे, यांपैकी एक जरी खूण दिसली तरी क्षणाचाही विलंब न लावता काठावर आले पाहिजे. मावळातील गुराख्यांना आणि शेतकऱ्यांना या खुणा ठाऊक आहेत. पाहुणा म्हणून आलेल्या पर्यटकाला त्या ठाऊक नसतात. त्याला हटकून सांगणे हे येथील तरुणांचे काम आहे आणि त्यात संकोच मानण्याचे कारण नाही.

प्रत्येकाला करता येण्याजोगे

समुद्रावर जाण्यापूर्वी भरती-ओहोटीची वेळ पाहून घ्यावी. कोकणात त्यासाठी एक जुना ठोकताळा आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीचा सुमार कळतो. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता. पूर्ण भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग. उधाणाच्या वेळी मुंबईकडे पाण्याच्या पातळीत चार-साडेचार मीटरांचा फरक पडतो, मालवणकडे तो सुमारे निम्मा असतो. हा ठोकताळा अंदाजापुरता आहे. नेमक्या वेळांसाठी छापील भरतीपत्रके असतात आणि किनाऱ्यावरचा जीवरक्षक व कोळी यांचा शब्द तर अखेरचाच मानावा.

किनाऱ्यावर पोहोचताच पाण्यात धाव घेऊ नये. पंधरा-वीस मिनिटे उभे राहून लाटा पाहाव्यात. त्या कोठे फुटतात, कोठे फुटत नाहीत, फेस कोणत्या बाजूला वाहतो, हे ध्यानात घ्यावे. स्पर्धेतील जगज्जेतेही पाण्यात उतरण्यापूर्वी हेच करतात. ओढीत सापडल्यास तिच्याशी झुंजू नये. पाण्यावर तरंगत राहावे, हात उंचावून मदत मागावी आणि जमेल तसे किनाऱ्याला समांतर पोहून ओढीबाहेर पडावे. ओढीचा पट्टा अरुंद असतो. दुसरा कोणी बुडताना दिसल्यास पोहता न येणाऱ्याने त्याच्यामागे उडी घेऊ नये. दोर, बांबू किंवा झाकण लावलेला रिकामा प्लॅस्टिकचा डबा फेकावा आणि जाणत्याला हाक मारावी. एकाच्या मागे दुसरा गेल्यामुळे एका घराऐवजी दोन घरांवर आघात होतो.

मुलामुलींना पोहणे शिकविणे हा यातील पाया होय. शाळा, ग्रामपंचायत आणि तरुण मंडळे यांनी मिळून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली आणि सुरक्षित पाण्यात, हे काम हाती घ्यावे. पोहता येणे ही शहरी चैन नव्हे. धरणांच्या आणि नद्यांच्या तालुक्यात ती अक्षरओळखीइतकीच निकडीची आहे.

आंदर मावळातून उद्या एखादा खेळाडू लाटांच्या स्पर्धेत उतरेल किंवा उतरणारही नाही. पदकाचे मोल आहेच. परंतु सहलीला गेलेले प्रत्येक मूल संध्याकाळी परत येणे याचे मोल त्याहून मोठे आहे. या गावाच्या नावात उंबरा आहे. घर कोठे संपते आणि बाहेरचे जग कोठे सुरू होते, हे उंबरा सांगतो. पाण्यालाही असा उंबरा असतो. समुद्रावर तो लाट फुटते त्या रेषेवर असतो, ओढ्यात तो गढूळ पाण्याच्या पहिल्या खुणेवर असतो. तो ओळखून पाऊल टाकणारी पिढी मावळात घडावी आणि प्रत्येक घराच्या उंबऱ्याशी वाट पाहणाऱ्या माउलीला तिचे लेकरू सुखरूप दिसावे, एवढ्याच अपेक्षेने या व्याख्यानाचा समारोप करणे उचित होईल.